धाकू परबांची सही

सुलक्षणा नाबरच्या ऑफिसात माणसं येत ती बहुतेक करून स्थळाची चौकशी करायला. मुलगा खरंच बँकेत आहे का, पितो का, आधीचं काही लफडं आहे का. घाटकोपर स्टेशनजवळ केमिस्टच्या वरच्या माळ्यावर एक टेबल, तीन खुर्च्या आणि तिचा दीर जयवंत, एवढाच काय तो कारभार. १९८५च्या ऑक्टोबरात मात्र एक म्हातारा आला, आणि बसायच्या आधी त्याने खुर्चीच उलटी केली.

"ओ काका!" जयवंत ओरडला.

"मागच्या पायाला खुंटी नाय. नुसत्या सरसावर उभा आहे तो."

"शिसवी आहे ती! परवाच घेतली मी, ठोकून-ठोकून बघून."

"शिसवी!" म्हातारा एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला.

सुलक्षणाला तो माणूस तिथेच आवडला.

त्याचं नाव धाकू परब. मूळचा कुडाळचा, बावीस वर्षं गिरणीच्या सुतारखात्यात. संपात गिरणी सुटली, पण नजर कुठे सुटते? पलंग, टेबल, कपाट, कुणालाही काही घ्यायचं झालं की आख्खी बिल्डिंग त्याला सोबत नेई. बदल्यात तो एक कप चहा घेई, तोही बिनसाखरेचा. लाकूड पसंत पडलं की मागच्या फळीवर पेन्सिलीने सही करी, म्हणजे दुकानदाराने माल बदलायला नको.

"मग आता काय झालं?"

"तिसऱ्या माळ्यावरची द्रौपदी. मोठ्या इस्पितळात आया आहे. तेरा वर्षं ट्रंकांत संसार केला तिने. मार्चमध्ये तिला पहिलं कपाट घेऊन दिलं. अस्सल साग. आणि आता त्यातून भुसा पडतोय." त्याने भुसा चोळल्यासारखी बोटं एकमेकांवर चोळली. "कीड लागली, बाई. मी पास केलेल्या सागाला कीड! ती शेजारची वनमाला जिन्यात उभी राहून सांगते, धाकूने दलाली खाल्ली म्हणून."

"द्रौपदीबाई काय म्हणतात?"

"काय म्हणत नाय. तेच तर लागतं." म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझी नजर गेली असेल तर तसं सांगा. उद्यापासून कुणाच्या लाकडाला हात लावणार नाय. पण गेली नसेल, तर तेही सगळ्यांसमोर सांगा."

*

द्रौपदीच्या खोलीत कपाट भिंतीला लागून उभं होतं. दोन दारं, खाली शेजारी-शेजारी दोन ड्रॉवर, आणि वरपासून खालपर्यंत गडद तपकिरी पॉलिश. पायाशी पिवळट भुशाची छोटी रास होती.

"रोज झाडते, रोज पडतो," द्रौपदी म्हणाली. धाकूकडे तिने बघितलंच नाही.

"भावोजी, जरा पुढे ओढा ना."

जयवंत म्हणजे काडी पैलवान. त्याने कपाट कवेत घेतलं आणि एका दमात हातभर पुढे आणलं. "बघ वहिनी! अजून ताकद आहे म्हटलं!"

सुलक्षणाने टॉर्च मारला. मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: धा. परब, २० मार्च.

"सही तुमचीच?"

"माझीच. घरी आल्यावर पण बघितली होती. सही बघितली, ड्रॉवर काढून सांधे बघितले आणि पास म्हणालो."

ड्रॉवर मात्र सहज निघेनात. द्रौपदीने पाय लावून हिसका दिला तेव्हा डावा बाहेर आला. आत कोपऱ्यांत लाकडाचे दात एकमेकांत असे गच्च बसले होते की नख जाईना. एक खिळा नव्हता.

"पावसाळ्यापासून अडकतात," द्रौपदी म्हणाली.

"अडकतात?" धाकू चमकला. "घेताना तर डावा आत ढकलला की उजवा आपोआप बाहेर यायचा! आतली हवा ढकलते त्याला. इतकं तंतोतंत काम."

सुलक्षणा कपाटामागे वाकली. तिने धाकूला फळीचे खालचे दोन स्क्रू सोडायला सांगितले. फळी जरा उचलली. कडेच्या पट्टीवरून पॉलिशचा एक ओघळ थेट फळीच्या खाली गेला होता, आणि तिथेच सुकला होता.

"एवढा गडद रंग कुणी सांगितला?"

"काकांनी," द्रौपदी म्हणाली.

"मी? छे! मला पॉलिशवाला म्हणाला, तूच मागितलास."

दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे बघितलं.

"वर आणलं कुणी, द्रौपदीबाई?"

"टेंपोवाला सहदेव आणि त्याच्याबरोबर अजून एक जण. गाणं म्हणत आले दोघं. जयंतीच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, बाबासाहेबांचा फोटो या वर्षी नव्या कपाटावर." तिने खिडकीकडे बोट दाखवलं. "आता तिथून उचलून खिडकीत ठेवलाय."

*

साकीनाक्याला खंडूचा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि गुडघाभर भुसा. कपाट त्याच्या हातचं. जयवंत कानात कुजबुजला, "वहिनी, हाच. चेहऱ्यावरच दिसतं."

किडीचं नाव काढताच खंडूने पटाशी खाली ठेवली.

"बाई, माझ्या बापाने बैलगाड्या केल्या. आमच्या घरात कुणाच्या लाकडाला कीड लागलेली नाय. साग होता, तोही खोडाच्या आतला! इथून टेंपोत चढवताना चार हमाल लागले. त्यातला एक तर दुसऱ्या दिवशी कामावरच आला नाय, पाठ धरली म्हणून."

"पॉलिश तुम्ही नाही करत?"

"नाय. धाकूकाकांनी सांगितलं, कांजूरला श्यामसुंदरकडे द्या. माणूस ओळखीचा आहे म्हणाले."

सहदेव नाक्यावरच टेंपो पुसत होता.

"मी फक्त पोचवतो, मॅडम. इथून कांजूर, कांजूरवरून घाटकोपर. पण तीन फेऱ्या फुकट मारल्या ना! त्या श्यामशेटला एका कपाटाला पाच दिवस लागतात, याला तीन आठवडे लावले. द्रौपदीबाईपण आल्या होत्या एकदा माझ्याबरोबर, जयंतीच्या आठवडाभर आधी. शेडला कुलूप. आतून ठोकण्याचा आवाज येतोय आणि बाहेर कुलूप!"

"वहिनी, हाच," जयवंत कुजबुजला. "टेंपोतच बदललं असणार."

"मगाशी खंडू होता ना, भावोजी?"

"तो पण असेल. मिळून केलं असेल."

*

श्यामसुंदर सावंताने मात्र मोठं आगत-स्वागत केलं. खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला. धाकूच्याच वयाचा, बोटं पॉलिशच्या चपडीने काळी-तांबडी झालेली.

"धाकू माझा जुना दोस्त. एकाच खात्यात बावीस वर्षं काढली आम्ही. बिचारा! वय झालं की नजर जायचीच."

"कपाट तुमच्याकडे किती दिवस होतं?"

"पाच. सहा धरा. तो टेंपोवाला न्यायला आलाच नाही वेळेवर."

"रंग गडद कुणी सांगितला?"

"गिऱ्हाईक सांगतं, आपण करतो."

सुलक्षणाने पाणी मागितलं आणि ती सरळ आतल्या खोलीत गेली. श्यामसुंदरची बायको रुक्मिणी तांब्या भरत होती. कोपऱ्यात चादर टाकलेलं एक कपाट होतं. चादरीखाली वीतभर लाकूड दिसत होतं, मधाच्या रंगाचं, रेघ न् रेघ उठून दिसेल असं पॉलिश केलेलं.

"छान आहे हो कपाट."

"कसलं छान! ट्रंकेतच कपडे ठेवते मी. हे हात लावू देत नाहीत. रात्री उठून स्वतःच पुसत बसतात."

बाहेर आल्यावर जयवंत म्हणाला, "माणूस झकास आहे, वहिनी. चहात वेलची होती."

"होती," सुलक्षणा म्हणाली. "रविवारी सगळ्यांना इथेच बोलवा. आणि द्रौपदीबाईंना सांगा, दोन्ही ड्रॉवर घेऊन यायचे."

*

रविवारी सकाळी श्यामसुंदरच्या शेडमध्ये दाटी झाली. धाकू, द्रौपदी, खंडू, सहदेव. वनमालाही आली होती. असल्या ठिकाणी ती नाही तर कोण येणार? सहदेवच्या टेंपोतून दोन ड्रॉवर उतरले.

"हे काय चाललंय?" श्यामसुंदर म्हणाला.

"धाकूकाकांनी मला एकच विचारलं होतं," सुलक्षणा म्हणाली. "नजर चुकली का? त्याचं उत्तर देते. मार्चमध्ये नजर चुकली नाही. खंडूने दिलेलं कपाट चार हमालांनी उचललं. द्रौपदीबाईंकडे तेच दोघांनी तीन जिने वर नेलं, गाणं म्हणत. परवा ते आमच्या भावोजींनी एकट्याने ओढलं."

जयवंत खूश होऊन हसला, मग त्याला अर्थ कळला आणि त्याचा चेहरा उतरला.

"साग पॉलिश केल्यावर हलका होत नाही. म्हणजे कपाटच वेगळं. आतलं लाकूड काकांनी काल खरवडून बघितलं."

"सावर," धाकू म्हणाला. "खोकी करतात ती."

"पण सही?" वनमालाने विचारलं. "सही तर यांचीच ना?"

"सही खरी, कारण ती फळी खरी. ड्रॉवरही खरे. म्हणूनच ते अडकतात. हाताने केलेला ड्रॉवर आपल्याच जागी नीट बसतो, दुसऱ्याच्या घरात नाही. सावर पावसाळ्यात फुगली आणि आणखीच अडकले. कुणीतरी नवं कपाट केलं आणि त्याला खऱ्या कपाटाची फळी आणि खरे ड्रॉवर लावले. नेमक्या त्याच दोन गोष्टी, ज्या काका घरी आल्यावर तपासतात. हे कुणाला ठाऊक असेल? बावीस वर्षं शेजारी उभं राहून काम केलेल्याला."

श्यामसुंदर हसला. "ठाऊक असणं हा काय गुन्हा झाला? टेंपोवाल्याने केलं असेल."

"पॉलिशचा ओघळ फळीच्या खाली गेला होता. म्हणजे आधी पॉलिश झालं, मग फळी बसली. सहदेवने इकडे आणताना बदललं असतं तर तुम्ही फळीसकट कपाट पॉलिश केलं असतं, आणि खाली ओघळ गेला नसता. आणि इकडून नेताना? ड्रॉवर खंडूकडून कोरे आले होते. त्यांच्यावर आणि खोट्या कपाटावर एकच रंग, एकच हात. ते एकत्र पॉलिश झाले, इथेच. म्हणून पाच दिवसांचे तीन आठवडे झाले. टेंपो आला नाही म्हणालात, पण द्रौपदीबाई स्वतः येऊन कुलूप बघून गेल्या. आणि रंग? काकांना सांगितलंत द्रौपदीने मागितला, द्रौपदीला सांगितलंत काकांनी. सावरीवर सागाच्या रेघा कुठून आणणार? झाकायला गडदच हवा."

"हे सगळं बोलणं झालं. पुरावा काय?"

"रुक्मिणीवहिनी, चादर काढा," सुलक्षणा आत वळून म्हणाली.

रुक्मिणीने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि चादर ओढली.

खंडू पुढे झाला. त्याने त्यातले श्यामसुंदरने केलेले ड्रॉवर काढून बाजूला ठेवले आणि आपले दोन आत सरकवले. आवाजसुद्धा झाला नाही. मग त्याने डावा हळूच ढकलला, आणि उजवा, कुणी हात न लावता, चार बोटं बाहेर आला.

"आई गं!" वनमाला म्हणाली.

"माझं आहे," खंडू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

धाकू मात्र श्यामसुंदरकडेच बघत होता. "श्याम, तुका ह्या करूची काय गरज होती?"

"गरज?" श्यामसुंदर उसळला. "त्याच खात्यात मी पण होतो! पण जो तो म्हणतो, धाकूला विचार. मी बोटं काळी करायची आणि तू सह्या करायच्या! तू काम पाठवलंस माझ्याकडे, उपकार केलेस. पण कधी एकदा तरी विचारलंस, श्याम, ह्या लाकूड तुका कसा वाटता?"

धाकूने त्या काळ्या-तांबड्या बोटांकडे बघितलं.

"नाय विचारला. चुकलाच माझा." तो सगळ्यांकडे वळला. "आणि बाई बोलल्या त्यात एक राहिलं. मार्चमध्ये नजर चुकली नाय, पण एप्रिलमध्ये चुकली. मी कपाट बघितलंच नाय, माझी सही बघितली. सही दिसली आणि मोठेपणात बाकीचं सोडून दिलं. एका कोपऱ्याला हात घालून उचललं असतं तर तेव्हाच कळलं असतं." मग तो पुन्हा श्यामसुंदरकडे बघून म्हणाला, "सावरीचा साग केलास तू. धाकू परबाला फसवलंस! असला हात घेऊन चोरी करतोस? लाज नाय वाटली हाताची?"

श्यामसुंदरने मान खाली घातली. सकाळपासून पहिल्यांदाच.

पोलिसांचं काय करायचं ते द्रौपदीवर होतं. तिने कपाटावरून हात फिरवला. "पॉलिश चांगलं केलंय," ती म्हणाली. "पोलीस नको. पण हे माझ्या घरी आणून ठेवायचं, आणि जिन्यात सगळ्यांसमोर सांगायचं, कुणी काय केलं ते."

*

संध्याकाळी घाटकोपरच्या त्या जिन्यात मुंगीला वाट नव्हती. सहदेवने तीनच हमाल आणले होते. चौथा कोपरा श्यामसुंदरच्या खांद्यावर होता. प्रत्येक माळ्यावर कपाट खाली टेकलं, आणि प्रत्येक माळ्यावर त्याने धापा टाकत तेच सांगितलं: कपाट मी बदललं, धाकूने पास केला तो सागच होता. गाणं कुणीच म्हणत नव्हतं.

वर पोचल्यावर द्रौपदीने बाबासाहेबांचा फोटो पदराने पुसून कपाटावर ठेवला. मग आतून एक कप चहा आणला, बिनसाखरेचा, आणि धाकूच्या हातात दिला. म्हाताऱ्याची मान अशी ताठ झाली की टोपी वर सरकली.

वनमाला दारात घुटमळत होती. "धाकूकाका," ती म्हणाली, "आमच्या बाळाच्या लग्नाला पलंग घ्यायचाय. रविवारी याल ना?"

"येईन की," धाकू म्हणाला. खाली पायरीवर घाम पुसत बसलेल्या माणसाकडे त्याने बोट दाखवलं. "पण आम्ही दोघं येऊ. सही त्याची आणि माझी, दोघांची असेल. चहा दोन कप लागतील."