बांधावर घेतलेलं नाव

देवेशची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये एक खेकडा होता. खरंच सांगते!

कर्जतच्या एका कॉलेजात विद्यापीठाचा संशोधन मेळावा भरला होता. थंडीचे दिवस. दारावर भला मोठा फलक होता, त्यावर 'आंतरविद्याशाखीय' असा शब्द, जो उद्घाटनाच्या पाहुण्यांनाही एका दमात म्हणता आला नाही. आत पोस्टरं तरी किती तऱ्हेची! कोणी भाताच्या तुसापासून विटा केल्या होत्या, कोणी बोरघाटातल्या जुन्या वाटेचा इतिहास शोधला होता, कोणी चौकच्या ढाब्यांवर बसून माणसं दुसरा चहा का मागवतात याचे चक्क आलेख काढले होते. गणितातल्या एका मुलाचं पोस्टर कोणालाच कळत नव्हतं, म्हणून त्याच्यापुढे लोक सगळ्यांत आदराने उभे होते. मी हर्षला, मराठी विभागाची. माझा विषय भातलावणीची गाणी आणि उखाणे. शेजारचं टेबल प्राणिशास्त्राचं होतं.

परीक्षक माझ्यापुढे आले, मी घसा खाकरला, आणि शेजारच्या टेबलावरून काहीतरी तुरुतुरु माझ्याकडे निघालं. परीक्षक टुणकन मागे! मी वाढले मोहोपाड्याच्या कॉलनीत, पण आजोळ चौकचं. मागून पाठीवर दोन बोटं दाबून मी खेकडा अलगद उचलला.

"सोमी!" शेजारचा उंच, चष्मेवाला मुलगा धावत आला. "लागलं नाही ना?"

"नाही, मी ठीक आहे."

"तुम्हाला नाही… तिला विचारतोय."

हे देवेशचं मला उद्देशून पहिलं बोलणं. पुढे काय होणार याची कल्पना असती, तरी मी तेव्हा चिडलेच असते.

"आमच्याकडे हिचा झणझणीत रस्सा करतात," मी म्हटलं.

त्याने सोमीला घाईघाईने टबात ठेवलं आणि वर झाकण लावलं. "मराठी विभागात सगळे इतकेच निर्दय असतात?"

"छे! त्यातल्या त्यात मी प्रेमळ आहे."

तो हसला. हसला की त्याचा चष्मा घसरायचा, आणि बोटं ओली म्हणून तो मनगटाने वर सारायचा. एवढंसंच… पण माझं भाषण त्या दिवशी दोनदा अडखळलं.

देवेश शेलूचा. नव्या इमारतीत तिसरा मजला, आणि गॅलरीत सोमीचा टब. शेतकरी म्हणतात, खेकडे बांध फोडतात. त्याचं म्हणणं, बांध आधीच कच्चा असतो, खेकडा नुसता तिथे राहायला जातो. हे सिद्ध करायला त्याला शेत हवं होतं. माझ्या सोनुमामीचं शेत चौकजवळ, इर्शाळगडाच्या पायथ्याशी. मी सहज म्हटलं, "या कधीतरी." तो दुसऱ्याच रविवारी हजर.

मग येतच राहिला. जुलै उजाडला, लावणी सुरू झाली. मामी आणि तिच्या सोबतिणी वाकून रोपं लावायच्या आणि गायच्या. मी करंजाखाली रेकॉर्डर लावून बसायची. देवेश अनवाणी, गुडघाभर चिखलात, बांधातली भोकं मोजत फिरायचा. अधूनमधून माझ्यापाशी यायचा.

"तुमच्या बायका गातात तेव्हा माझे खेकडे बाहेर येत नाहीत."

"तुझे खेकडे अरसिक आहेत."

"माझ्यावर गेलेत…"

"शू! रेकॉर्डिंग चालू आहे. माधवी मॅडम ओरडतील."

माधवी मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्यांचा नियम एकच. रेकॉर्डिंगमध्ये संशोधकाचा आवाज येता कामा नये. आपण ऐकायचं, मध्ये पडायचं नाही. मी तो नियम इतका पाळला की देवेशच्या बाबतीतही नुसती ऐकतच राहिले. तो बोलेल… आज बोलेल… उद्या नक्की बोलेल.

बोलला तो एकदाच, आणि तेही भलतंच. अंदमानला समुद्री प्राण्यांच्या एका केंद्रात त्याला दोन वर्षांचं काम मिळालं होतं. शनिवारी निघायचं होतं.

"अरे वा!" मी म्हटलं. त्या 'वा'ला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत.

शुक्रवारी तो निरोप घ्यायला आला. पाऊस नुकता थांबला होता, गडावरून ढग उतरत होते. रस्त्यावर गाडी लावून तो बांधावरून चालत आला, आणि मी पाहिलं तर त्याच्या पायांत चक्क बूट!

सोनुमामीच्या शेतात एक रीत आहे. लावणी चालू असताना कोरड्या पायांनी बांधावरून जायचं नाही. गेलात तर बायका पुढ्यात रोपांची मूठ टाकतात, आणि उखाणा घेतल्याशिवाय ती ओलांडता येत नाही. लग्न झालं असेल तर जोडीदाराचं नाव, नसेल तर मनातल्या माणसाचं. विजेचं मीटर बघायला आलेला माणूसही यातून सुटला नव्हता. देवेश नेहमी अनवाणी चिखलात असायचा म्हणून इतके दिवस वाचला होता.

मूठ पडली. मामी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज बरा गावलास रं! घे नाव."

देवेशने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. चष्मा वर सारला. मग एका दमात म्हणाला,

"चष्म्यावरती थेंब साचले, दिसायला लागलं कमी,
दूर बेटावर निघालो मी, मागे राहते सोमी!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"सोमी?" मामी म्हणाली. "ही कोण रं?"

"आहे… शेलूला माझ्याकडेच असते."

"घरात आणून ठेवलीस? अन् आमच्या पोरीला इतकं महिने झुलवत ठेवलंस व्हय!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "मामी," मी झाडाखालून ओरडले, "सोमी चिंबोरी हाय!"

मग काय विचारता! बायका हसून हसून चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. मामीने डोळे पुसत मूठ बाजूला सारली. "जा रं बाबा, सुटलास."

देवेश माझ्यापाशी आला. "सोमीला ठेवशील? टब गाडीवर आहे, मामींच्या पडवीत ठेवून जातो."

"ठेवीन."

"बरं… येतो मग."

तो पाठ फिरवून निघाला. बायका अजून हसत होत्या. मला मात्र हसू येईना. बोलायची वेळ आली होती, आणि तो खेकड्याचं नाव घेऊन चालला होता! राग आला, रडू आलं. तो रस्त्यापर्यंत पोचला की संपलंच सगळं, एवढं लख्ख कळलं. मी चपला घातल्या आणि बांधावरून त्याच्यामागे धावले.

थप्, थप्. माझ्या पुढ्यात दोन मुठी पडल्या.

"आता तू गं," मामी म्हणाली.

"मामी, मी संशोधक आहे. मी नाव घ्यायचं नसतं."

"मग बसायचं व्हतं झाडाखाली. बांधावर कशाला आलीस?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते एकच होतं. बांधाच्या टोकाला देवेश थांबला होता, वळून बघत होता. कितीतरी बायकांचे उखाणे मी गोळा केले होते. माझा स्वतःचा एकही नव्हता. मी डोळे मिटले.

"बांध न फोडता हळूच मनात केला प्रवेश,
गाणी शोधत आले होते, गवसला देवेश!"

"देवेशराव म्हण गं!" कोणीतरी ओरडलं, आणि एकच गलका झाला.

मी डोळे उघडले तर देवेश धावत येत होता. बांधावर नवे बूट घालून धावतात का कोणी? घसरला, आणि थेट चिखलात. तसाच गुडघाभर चिखल तुडवत माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"हर्षला… बूट मी मुद्दाम घालून आलो होतो."

"काय?"

"म्हणजे मला अडवतील… आणि मी तुझं नाव घेईन. शेलूपासून गाडीवर जुळवत होतो. पण 'हर्षला'ला यमकच मिळेना गं! आणि मग सगळ्या बघायला लागल्या… आणि…"

"आणि सोमी सुचली."

त्याने मान खाली घातली. माझा सगळा राग त्या चिखलात विरघळून गेला.

"स्पर्शला," मी म्हटलं.

"कोण?"

"यमक. मराठी विभागात आधी विचारायचं ना!"

तो इतका हसला की चष्मा खालीच पडला. मामीने चिखलातून शोधून, पदराला पुसून दिला. "घाल, अन् नीट बघ आता. अशी पोरगी पुन्हा गावणार नाय."

"बघतोच आहे, मामी," तो म्हणाला. आणि खरंच बघत राहिला… माझ्याच्याने मान वर करवेना.

देवेश शनिवारी अंदमानला गेलाच. जायलाच हवं होतं. पण दिवाळीत त्याची आई पेढे घेऊन मोहोपाड्याला येऊन गेली. तो रोज फोन करतो, आधी सोमीची चौकशी, मग माझी. या क्रमावर आमचं रोज भांडण होतं. रस्सा केलेला नाही अजून.

माधवी मॅडमनी शुक्रवारचं ते रेकॉर्डिंग मात्र परवा ऐकलं. करंजाखाली ते चालूच राहिलं होतं. मी खाली मान घालून बसले होते.

"यातला शेवटचा उखाणा तुझ्या आवाजात आहे."

"हो मॅडम. नियम मोडला. तेवढा भाग कापून टाकते."

"हा देवेश कुठल्या विभागाचा?"

"प्राणिशास्त्र."

मॅडमनी तो उखाणा पुन्हा एकदा लावला. शेवटपर्यंत ऐकला, बायकांच्या गलक्यासकट.

"म्हणजे आंतरविद्याशाखीय झालं की गं," त्या म्हणाल्या, तेही एका दमात. "राहू दे. कापू नकोस."