डिकीवरचा आकडा

मुलगी आली तेव्हा तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. एक तपकिरी, एक काळी. भाऊजींनी ते पाहिलं आणि नजर वळवली. वहिनींनीही पाहिलं असणारच. त्यांच्या नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी फार थोड्या.

वहिनींची उभी हयात विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात गेली होती. नवरा गेल्यावर नोकरी सोडून त्यांनी घरच्या बैठकीतच खासगी तपासाचं काम सुरू केलं. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवणं, पत्ते शोधणं आणि नेमाने चुकीचे तर्क लढवणं ही कामं त्यांच्याकडे. दादा गेल्यापासून भाऊजींना आतून काही वाटेनासं झालं होतं. अन्न गोड लागत नव्हतं आणि कडूही लागत नव्हतं, त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची?

"माझी आई गेल्या आठवड्यात गेली," मुलगी म्हणाली. बातम्या वाचाव्यात तसा तिचा आवाज होता. "गल्लीच्या कोपऱ्यावर गाडीने उडवलं. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला. गाडी थांबली नाही."

"आणि पोलिसांनी तुझ्या वडिलांना धरलं," वहिनी म्हणाल्या. पेपरात आलंच होतं.

"हो. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्याकडे एक जुनी गाडी आहे. तसल्या आता गावात तीनच उरल्यात. रस्त्यावर पुढच्या सिग्नल लाइटची काच सापडली, ती त्याच मॉडेलची. आणि एकाने गाडी मागून पाहिली. तो म्हणतो, डिकीवर टू पॉइंट एट लिहिलं होतं."

"म्हणजे काय?" भाऊजींनी विचारलं.

"इंजिन किती लिटरचं, तो आकडा," वहिनी म्हणाल्या. "तीच गाडी लहान इंजिनात मिळते, मोठ्या इंजिनातही मिळते. बाहेरून सारखीच. फरक कळतो तो मागच्या बॅजवरून."

"टू पॉइंट एट फक्त बाबांची," मुलगी म्हणाली. "त्या संध्याकाळी आईबाबांचं भांडण झालं होतं. शेजाऱ्यांनी ऐकलं. मग बाबा गाडी घेऊन बाहेर पडले, एकटेच. सकाळी त्यांनी गाडी धुतली. आता गाडीला बॅज नाही. पोलिसांनी विचारलं तर बाबा म्हणाले, मीच काढला. त्यानंतर ते बोलतच नाहीत."

वहिनींनी ते वहीत टिपून घेतलं.

"त्यांना सोडवा असं मी म्हणत नाही," मुलगी म्हणाली. "बाबांनी आईला मारलं का, एवढंच सांगा. हो असेल तर हो सांगा. म्हणजे घरी जाऊन काय करायचं ते मला ठरवता येईल."

घर दोन खोल्यांचं होतं, पुढे चिंचोळं अंगण. अंगणात गाडी तोंड रस्त्याकडे आणि पाठ भिंतीकडे करून उभी होती. डिकी आणि भिंत यांच्यात माणूस जेमतेम आडवा शिरेल एवढी फट.

"गाडी नेहमी अशीच लावतात?" वहिनींनी विचारलं.

"नेहमी. आणि वर आच्छादन. महिन्यातून एखादवेळी बाहेर काढतात. मागून ती मीही कधी नीट पाहिली नाही."

वहिनी आधी पुढे वाकल्या. सिग्नल लाइटच्या दोन्ही काचा शाबूत होत्या, दोन्ही उन्हाने सारख्याच विटलेल्या, अर्धवट पिकलेल्या पपईसारख्या फिकट.

"पोलीस म्हणतात फुटलेली बदलली," मुलगी म्हणाली. "बाबांकडे सुट्या भागांची पेटीच आहे."

वहिनी अंग चोरून फटीत शिरल्या, डिकी उघडली आणि विजेरी घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूला पाहू लागल्या. भाऊजींनाही त्यांनी पाहायला लावलं. पत्र्यात लांबीचे, म्हणजे भोकं बुजवायच्या पुटीचे, चार ठिपके दिसत होते. पिवळे पडलेले, भेगाळलेले, वर धुळीचा थर.

"जुनी गाडी. कुठेतरी गंजली असेल," भाऊजी म्हणाले.

"असेल," वहिनी म्हणाल्या.

मुलीने चहा ठेवला. तिने गॅसची कळ फिरवली आणि कळेशेजारी शेगडीवर चिकटवलेल्या एका चकचकीत टिंबाशी आणून थांबवली. भाऊजी भिंतीला टेकून उभे राहिले. फ्रिजच्या दारावर लहान मुलांचे असतात तसे आकड्यांचे चुंबक होते. वर दोनाखाली गॅसची पावती, खूप खाली आठाखाली वाणसामानाचा कागद. साबण, मीठ, यांची गोळी. कागदावरचं अक्षर तिच्या आईचं असणार. भाऊजींनी तो दोनदा वाचला, कारण समोर दुसरं काही वाचायला नव्हतं.

वहिनींनीही वाचला. त्यांनी आठावरून बोट फिरवलं आणि चहा न पिताच त्या निघाल्या.

तीनपैकी दुसरी गाडी दातांच्या डॉक्टरांची. दवाखान्याबाहेरच उभी होती, धुळीने माखलेली. मागे १.६ असा बॅज, त्याच्या खाचांतसुद्धा धूळ. पुढची एक काच तडकलेली, त्यावर चिकटपट्टी, आणि ती पट्टीही कडेने काळी पडून सुटत आलेली.

"त्या वेळी माझा हात एका पेशंटच्या तोंडात होता," डॉक्टर म्हणाले. "पेशंट साक्ष देईल. पोलिसांनी विचारलंय त्याला."

"ही काच?"

"वर्ष झालं. मिळतच नाहीत हो कुठे. तिसरी गाडी बॅटरीवाल्याची. त्याच्याकडे काचांची एक नवीकोरी जोडी आहे, ठेवणीतली. त्यातली एक द्या म्हणून मी महिनाभर त्याच्या मागे लागलो होतो. तो म्हणाला, गाडी विकीन पण जोडी फोडणार नाही."

वहिनींनी मान डोलावली. "मला बॅजचं सांगा. एवढं काय असतं त्यात?"

डॉक्टर खुर्चीत सैलावून बसले. विषय त्यांच्या आवडीचा होता. "माणसाचं जसं असतं तसंच. माझ्यासारखा लहान इंजिनवाला मुकाट्याने खरं लावतो किंवा खोटं मोठं लावून हसं करून घेतो. मधला माणूस सगळ्यात दुःखी. बॅटरीवाल्याची टू पॉइंट झीरो. तो रोज बॅज पुसतो आणि रोज उसासा टाकतो."

"आणि टू पॉइंट एटवाला?"

"घड्याळजी? ते आम्हा जुन्या गाडीवाल्यांच्या भेटींना येत नाहीत. मी असतो तर बॅज मोठा करून लावला असता."

"हा अपघात बॅटरीवाल्यानेच पाहिला ना?"

"हो. त्याच्या दुकानासमोरच झाला. बिचारा पार खचलाय."

बॅटरीवाला खरंच खचला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दुकान कोपऱ्यावर, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये त्याची गाडी. गाडी मात्र आरशासारखी लखलखत होती. पुढच्या दोन्ही काचा गर्द नारिंगी, जणू आत्ताच वेष्टनातून काढलेल्या. भाऊजींनी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली.

"मी दुकानात होतो," तो म्हणाला. "आवाज आला म्हणून बाहेर धावलो. गाडी वळणावर पोचली होती. ब्रेक लागला, मागचे लाल दिवे पेटले, त्या उजेडात बॅज लखकन चमकला. उजव्या बाजूला, टू पॉइंट एट."

"गाडीचा नंबर?"

"नंबर मी कधी बघतच नाही. आमच्यातलं कोणीच बघत नाही. नजर आधी बॅजवर जाते."

"बाईंना कोणी उचललं?"

"मीच." त्याने हातांकडे पाहिलं. "शर्ट काढून डोक्याखाली दिला. रुग्णवाहिका बोलावली. त्या कोण ते तेव्हा माहीत नव्हतं. घड्याळजींच्या घरी एकदाच गेलो होतो, बॅटरी बसवायला, अंगणात. घरातलं कोणी बाहेर आलं नव्हतं."

"अंगणात गाडी पाहिलीत?"

"पाहिली म्हणजे! बॉनेट उघडून इंजिनाला हात लावला."

परतताना भाऊजींनी तर्क लढवला. "डॉक्टरच. खोटा बॅज चिकटवून फिरायला निघाला असणार. हौस भागली आणि अपघातही झाला."

"त्यांच्या बॅजवरची धूळ कोणी हलवलेली नाही, भाऊजी. आणि पेशंटचं काय?"

"मग घड्याळजीच," भाऊजी म्हणाले. ही गोष्ट त्या मुलीला सांगावी लागेल, हे त्यांच्या डोक्यात आलं. वाईट वाटायला हवं होतं. भाऊजींनी गिअर बदलला.

"घड्याळजींच्या घरी आणि बॅटरीवाल्याच्या दुकानात, दोन्हीकडे माणसं सुन्न आहेत," वहिनी म्हणाल्या. "एकाचं माणूस गेलंय. दुसऱ्याचं कोण गेलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सगळ्यांना घड्याळजींच्या अंगणात बोलावलं. इन्स्पेक्टर घड्याळजींना घेऊन आले. पांढऱ्या केसांचा तो बारीक माणूस मुलीशेजारी उभा राहिला, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. डॉक्टर आले. बॅटरीवाला सगळ्यात शेवटी आला.

वहिनींनी मूठ उघडून बॅटरीवाल्यापुढे धरली. तळहातावर दोन धातूचे आकडे होते.

"हे काय आहे, सांगता?"

त्याने आकडे उचलले, उलटे केले, अंगठ्याने कडा चाचपल्या. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरची मरगळ उतरली. "ओरिजिनल आहे. टू पॉइंट एटचा. मधलं टिंब नाही. प्रत्येक आकड्यामागे दोन खिळे असतात, ते कापलेत आणि मागे चुंबक बसवलाय. कुठे मिळाला?"

"फ्रिजवर," वहिनी म्हणाल्या.

मुलीने मान वर केली. "ते माझे आकडे आहेत. मी त्यांच्यावर अंक शिकले."

डॉक्टर पुढे सरकून आकड्यांकडे पाहू लागले.

"इन्स्पेक्टरसाहेब," वहिनी म्हणाल्या, "घड्याळजींनी बॅज मीच काढला असं सांगितलं. केव्हा काढला, हे विचारलंत?"

इन्स्पेक्टरांनी वही उघडली आणि मिटली. ते पुरेसं उत्तर होतं.

"हा बॅज पत्र्याला भोकं पाडून बसवतात. मागच्या आठवड्यात काढला असता तर चार भोकं उघडी दिसली असती. ती लांबीने बुजवलीत, वरून रंग दिलाय, आणि ती लांबी आतून पिवळी पडून भेगाळलीय. भाऊजी, तुम्ही पाहिलीत."

"पाहिली," भाऊजी म्हणाले. गंजाबद्दल ते बोलले नाहीत.

"ही मुलगी अंक शिकत होती तेव्हापासून या गाडीवर बॅज नाही. मग त्या संध्याकाळी तो चमकला कसा?"

"मी चुकलो असेन," बॅटरीवाला म्हणाला. "अंधार पडत होता."

"चुकला असतात तर नसलेला बॅज तुम्हाला दिसला नसता. तुम्ही तो रचलात. ज्याने गाडी मागून पाहिलीय तो असं कधी बोलला नसता. तुम्ही ती फक्त पुढून पाहिलीत, कारण ती भिंतीला पाठ लावून उभी असते. टू पॉइंट एट असूनही कोणी बॅज काढून टाकील, हे तुमच्या स्वप्नातही आलं नाही. ही चूक तुमच्यासारखा शौकीनच करतो."

"पण काच—" डॉक्टर म्हणाले.

"काचेचंच सांगते. तीन गाड्या. तुमची काच वर्षापूर्वीची तडकलेली. घड्याळजींच्या दोन्ही सारख्या विटलेल्या. एक बदलली असती तर ती वेगळी दिसली असती. यांच्या दोन्ही नव्याकोऱ्या." त्या बॅटरीवाल्याकडे वळल्या. "गाडी विकीन पण जोडी फोडणार नाही, असं म्हणाला होतात. जोडी फोडली नाहीतच. फुटली एक, पण एक नवी आणि एक जुनी तुम्हाला सहन झाली नसती. दोन्ही बदललीत. तुमची दुसरी जुनी काच कुठे आहे?"

बॅटरीवाल्याने आकडे अलगद गाडीच्या बॉनेटवर ठेवले.

"शेडमध्ये," तो म्हणाला. "फडक्यात गुंडाळून. टाकवली नाही."

मग तो सांगत गेला. इंजिन नुकतंच बांधलं होतं. कितपत पळतंय ते बघायला निघाला. दिवे लावले नव्हते. वळण जोरात घेतलं. गाडी शेडमध्ये ढकलली आणि धावत बाईंपाशी गेला. पोलिसांनी काच उचलून विचारलं, कुठली गाडी? तोंडातून तेच निघालं, आयुष्यभर हवं असलेलं.

"त्या यांच्या घरच्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं," तो म्हणाला.

"कळल्यावर?" मुलीने विचारलं.

इन्स्पेक्टर त्याला घेऊन गेले. आकड्यांचे फोटो घेतले, आकडे ठेवून गेले. डॉक्टर दाराशी थोडे घोटाळले आणि निघून गेले.

स्वयंपाकघरात मुलगी खाली बसली. घड्याळजींनी स्वतः चहाचं पातेलं चढवलं.

"बॅज का काढला होतात?" वहिनींनी विचारलं.

"मागच्या गाड्यांतली पोरं आकडा वाचायची आणि शर्यत लावायला यायची. आमच्या हिला वेगाची भीती. म्हणाली, काढून टाका तो. काढला आणि हिलाच दिला." ते थांबले. "त्या दिवशी भांडण गिझरवरून झालं होतं. मी गाडी घेऊन नदीपर्यंत गेलो आणि परत आलो. आलो तर दाराशी माणसं. सकाळी काय करावं सुचेना, म्हणून गाडी धुतली."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं, बाबा?"

"ते विचारत होते ते ऐकूच येत नव्हतं गं."

चहाला आधण आलं. त्यांनी कळ मागे फिरवली आणि चकचकीत टिंबाशी थांबवली. "हिनेच चिकटवलंय," ते म्हणाले. "याच्या पुढे नेलं की उतू जातं."

भाऊजी टिंबाकडे बघत राहिले. दादांचा चष्मा अजून त्यांच्या खणात होता. बऱ्याच दिवसांनी भाऊजींना चहाचा वास जाणवला.

मुलगी उठली आणि अंगणातून आकडे घेऊन आली. वाणसामानाचा कागद ओट्यावर पडला होता. "बाबा, हे परत गाडीला लावायचे?"

घड्याळजींनी तिच्या हातातून आठ घेतला. कागद उचलून होता तिथे धरला, त्यावर आठ ठेवला आणि किंचित सरळ केला.

"नको," ते म्हणाले. "हिचा कागद पडेल."