हौदाची पाचवी पायरी

"वही चोरीला गेली, आणि उद्या सकाळी आमचं चर्च बंद होणार," असं म्हणून पाळक समोरच्या कपाकडे बघत बसले. चहा कधीच गार झाला होता.

भाऊजींना हसू येत होतं. वही कोण चोरतं हो? पण वहिनींनी डोळे वटारले आणि त्यांनी हसू आवरलं. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, आणि नवरा गेल्यावर घर खायला उठलं तेव्हा खासगी तपासाची कामं घ्यायला लागल्या. भाऊजी सोबतीला. त्यांच्याही घरी वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं.

"नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

चर्च बाप्तिस्त मंडळींचं, छोटंसं. एके काळी दोनशे माणसं, आता सात. बाप्तिस्मा घेतलेले निदान सात सभासद असतील तरच चर्च चालू ठेवायचं, असा बाप्तिस्त चर्चांच्या संघाचा नियम. उद्या तपासनीस येऊन सभासद वहीतल्या नोंदी ताडून बघणार होते.

"आणि वही नसेल तर?"

"मग सभासदांनी एकमेकांची साक्ष द्यायची. पण ते साक्ष मानतील की नाही, देव जाणे."

"तुम्ही वही वाचली होती?"

"नाही हो. मी तीन वर्षांपूर्वी आलो, शेवटचा बाप्तिस्मा अकरा वर्षांपूर्वीचा. उघडायची वेळच आली नाही. शनिवारी कपाटात पाहिली, सोमवारी गायब. किल्ली खिळ्याला असते, ते सातही जणांना ठाऊक. माझी पत्नी आणि दोघे जुळे म्हातारे भाऊ शनिवार-रविवार परगावी होते. म्हणजे राहिलो मी, शिंपीदादा, सिस्टर आणि पेटीताई."

दुपारी दोघं चर्चमध्ये गेले. बाकांच्या रांगा पुसून लख्ख होत्या आणि रिकाम्या होत्या. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्यावर खाली बाप्तिस्म्याचा कोरडा हौद दिसला. मोठ्या माणसाला यातच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचे. भाऊजींनी पायऱ्या मोजल्या. पाच, त्यातली सगळ्यात खालची अर्धीच. वाजवणाऱ्याची पाठ हौदाकडे होईल अशी, भिंतीला लागून पायपेटी ठेवली होती.

पहिले आले शिंपीदादा. तेच इथले डीकन, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे.

"पाळकांना माझाच संशय ना? मोठ्या चर्चमध्ये सामील होऊ या, असं मी म्हणतो. पण तोंडावर म्हणतो, चोऱ्या करत नाही!"

"तुमचा बाप्तिस्मा कधी झाला?" वहिनींनी विचारलं.

भाऊजींना कळेना, मधेच हे काय!

"सतराव्या वर्षी. तेव्हा पेटीबिटी नव्हती, नुसत्या आवाजावर गायचो. आणि ती शेवटची मेली अर्धी पायरी! पाण्यात दिसतच नाही. धाडकन बसलो."

"पेटी कधी आली?"

"पेटीताईंबरोबर. एकेचाळीस वर्षं झाली. दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही तिला."

सिस्टर दवाखान्यातून थेट आल्या होत्या, पांढऱ्या गणवेशातच. "वहीचं मला काही ठाऊक नाही. माझा बाप्तिस्मा? गार पाण्यानं दातखीळ बसली होती, त्यात पायरी चुकली. पेटीताई वाजवत होत्या म्हणून धीर आला. रविवारी मात्र पेटीलाच धाप लागली होती. पायानं दाबायचा एक पायटा दबतच नव्हता."

शेवटी पेटीताई आल्या. साठीच्या, बारीक चणीच्या. चर्चमागच्या एका खोलीत एकट्या राहायच्या.

"माझा बाप्तिस्मा? याच हौदात झाला. फार जुनी गोष्ट," त्या रुमालाला पीळ घालत म्हणाल्या. "पाण्यातून वर आले तेव्हा पेटी वाजत होती, सगळे गात होते. छान वाटलं."

"पाय नाही घसरला?"

"नाही बाई. चार तर पायऱ्या."

"चर्च बंद झालं तर?"

पेटीताईंनी पेटीकडे पाहिलं. "मग रविवारी मी कुठे जाऊ?" त्या म्हणाल्या. भाऊजींना आपले रविवार आठवले.

संध्याकाळी सातही जण जमले.

"शिंपीदादांनीच घेतली," भाऊजींनी ठोकून दिलं. "चर्च बंद व्हावं म्हणून."

"भाऊजी, तुमचं म्हणजे ना!" वहिनी म्हणाल्या. "वही गेली तर साक्षीवर काम चालतं. सातही जण एकमेकांसाठी साक्ष देतील. म्हणजे ज्याला चर्च चालू राहायला हवंय आणि ज्याला वहीचीच भीती आहे, त्याचं हे काम. जो पाण्यात उतरला त्याला पाचवी पायरी जन्मभर आठवते. एकीला चारच ठाऊक आहेत, भरलेल्या हौदात वरून दिसतात तेवढ्या. ती म्हणते, वर आले तेव्हा पेटी वाजत होती. तिच्याआधी पेटी नव्हती, आणि आल्यापासून ती एकटीच वाजवते. मग ती पाण्यात असताना वाजवलं कोणी?"

वहिनी पेटीपाशी गुडघ्यांवर बसल्या आणि पायट्यामागे हात घालून वही ओढून काढली. "म्हणून रविवारी हिला धाप लागली होती."

पेटीताईंचा बांध फुटला. "दर वेळी मी म्हणायचे, आता माझा. पण मी उतरले तर वाजवणार कोण? म्हणून पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला... मग सगळे मला सभासदच धरून चालले. सांगायची लाज वाटली. माझ्या एकटीपायी चर्चला कुलूप लागेल, म्हणून..."

पाळकांनी मान खाली घातली. शिंपीदादा उठले. आता हे ताईंना सुनावणार, असं भाऊजींना वाटलं.

"ताई, एकच विचारतो. संख्येसाठी नको. मनापासून हवाय का बाप्तिस्मा?"

"एकेचाळीस वर्षं हवाय, दादा."

"मग मंडळीनं ठरवायचं," म्हणत शिंपीदादांनी हात वर केला. एकेक करत सहा हात वर झाले. सिस्टरनी नळ सोडला.

हौद भरायला दीड तास लागला. पेटी बंदच होती. सहा जण नुसत्या आवाजावर गायले, शिंपीदादा सगळ्यात बेसूर. पाळकांचा हात धरून पेटीताई पायऱ्या उतरल्या. एक, दोन, तीन, चार, आणि—

"अगं बाई!"

सगळे खळखळून हसले. सिस्टर हसता हसता रडायलाच लागल्या.

पाण्यातून वर आल्यावर पेटीताईंनी तोंडावरचे केस मागे सारले आणि समोर पाहिलं. इतकी वर्षं प्रत्येक बाप्तिस्म्याला त्यांच्यासमोर फक्त भिंत होती. आता सगळे रिकामे बाक दिसले, आणि पुढच्या बाकापाशी उभी असलेली ही एवढीशी माणसं.

"एवढेच उरलो होय आपण?" त्या म्हणाल्या.

"सात," पाळक म्हणाले आणि वही उघडायला गेले.

परतीच्या वाटेवर भाऊजी कोपऱ्यापाशी थांबले.

"वहिनी, रविवारी जेवायला येऊ का तुमच्याकडे?"

"कितीदा सांगितलंय या म्हणून," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता, पुढच्या खेपेला."