टायमरला दिलेला पत्ता

बिडकीनच्या बसमध्ये मांडीवरच्या लॅपटॉपवरचा जुना प्रोग्राम बघत करुणा पुटपुटली, "फंक्शनच्या पोटात फंक्शन! कुठल्या शहाण्यानं लिहिलंय हे?"

शेजारचा तरुण डोकावला. म्हणाला, "तो शहाणा मीच. इंद्रजीत. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच कंपनीत होतो."

हसावं की भांडावं, करुणाला कळेना. कंपनीनं बनवलेले, शेतावरचे पंप चालवणारे कंट्रोलर मधेच बंद पडत होते. बिघाड करुणानं नव्यानं लिहिलेल्या भागात आहे, असं साहेबांचं म्हणणं. तिची नोकरी अजून कच्ची. पक्की होणं यावरच अडलं होतं.

"पण असं लिहिलं कशाला?"

"सी भाषेत लॅम्डा नाय ना. म्हणजे गरज पडेल तिथंच छोटं, बिननावाचं फंक्शन लिहायची सोय नाय. आपल्या कंपायलरनं आत फंक्शन लिहू दिलं... मला लई भारी वाटलं."

"आणि त्या आतल्या फंक्शनचा पत्ता टायमरला देऊन मोकळे झालात!"

"व्हय. मग?"

"बाहेरचं फंक्शन संपलं की त्याची माहिती पुसली जाते. टायमर मात्र नंतर आतल्याला हाक मारतो. नशीब असलं तर चालतं, नाहीतर पंप बंद."

इंद्रजीतचा चेहरा उतरला. त्याच्या आताच्या कंपनीचा थांबा आला. तो उठलाच नाही. तिच्याबरोबर थेट साहेबांपुढं जाऊन म्हणाला, "चूक माझी आहे सर. यांची नाही."

साहेबांनी भरपूर सुनावलं. तो मान खाली घालून ऐकत होता, कान लालबुंद... करुणानं तेव्हा त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं.

तिनं ते फंक्शन बाहेर काढलं, त्याची माहिती टायमर चालेपर्यंत टिकेल अशा जागी ठेवली. महिनाभर एकही पंप अडला नाही. नोकरी पक्की झाली. बसमध्ये मात्र रोज एक जागा ओढणी टाकून धरली जाऊ लागली, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

एका शनिवारी उतरताना तो चाचरला, "उद्या सुट्टी... हर्सूलच्या तलावावर येशील? घरी काय सांगशील पण?"

"सांगून झालंय."

"काय?"

"आईनं विचारलं, रोज बसमध्ये इतकं काय बोलता? म्हटलं, मला तो आवडतो."

कंडक्टर ओरडला, "उतरा की राव!"

इंद्रजीत दारातच उभा होता, कान पुन्हा लाल. "आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, घेऊन ये. आधी घरी... मग तलावावर."