बोटभर दाढी

कल्पना करून पाहा हं. तुम्ही खुर्चीत बसला आहात, मान मागे टेकलेली, गळ्याभोवती पांढरा टॉवेल… आणि एक अनोळखी मुलगी उघडा वस्तरा घेऊन तुमच्या गालावर वाकली आहे. आता बाजू बदला. वस्तरा तुमच्या हातात आहे, समोरचा माणूस डोळे घट्ट मिटून बसलाय, आणि त्याच्या दाढीखाली काय दडलंय ते तुम्हाला दिसत नाही. आपल्या गोष्टीतली मुलगी त्या सोमवारी अशीच उभी होती. खरं सांगू? दोघांत जास्त घाबरलेली तीच होती.

वडिलांचे हात थरथरायला लागल्यापासून सलून तीच सांभाळत होती. वडील दाराशी पेपर धरून बसत, पण डोळा सगळा तिच्या हातांवर. आणि समोरचा तो, गाड्यांना रंग मारणारा रंगारी, नेहमीचं सलून बंद दिसलं म्हणून इथे शिरलेला.

"सगळी काढा," तो म्हणाला, जणू दात काढून घ्यायला आलाय.

"एवढी छान वाढवलेली? का हो?"

"कारखान्यात नवे मास्क आलेत. दाढी असली की नीट बसत नाहीत, फटीतून रंगाची वाफ आत जाते. शनिवारी दुपारी तपासणी आहे. नापास झालो तर काम गेलं."

तिनं बोटांनी दाढीचे केस बाजूला केले. खाली गालभर बारीक बारीक खड्डे.

"मुरुमांचे?"

"हो. आजोबांच्या वस्तऱ्यानं एकदा दाढी केली होती, वर खसाखसा तुरटी घासली. आठवडाभर तोंड पेटलेलं. तेव्हापासून आठ वर्षं…" तो थांबला. मग हळूच म्हणाला, "घरी पाच वर्षांची पुतणी आहे. तिनं मला असं कधी पाहिलंच नाही. ती घाबरली तर?"

तिचा हात तिथेच थबकला. पेपरामागून वडिलांचा आवाज आला, "एकदम नको गं. रोज बोटभर काढ. जबड्याखालून सुरू कर, कातडी काय म्हणते ते बघ, मग पुढे."

आणि तसंच ठरलं. पहिल्या दिवशी बोटभर, दुसऱ्या दिवशी आणखी बोटभर. जाताना तो गळ्याला मफलर गुंडाळून जाई. ती रोज थोडं शिकत गेली. राठ ब्रश गोल गोल घासला की खड्ड्यांच्या कडा लाल होतात, म्हणून तिनं मऊ ब्रश काढला, आधी कोमट पाण्याचा फडका ठेवला, फेस बोटांनीच लावला. वस्तरा केसांच्या वळणानं, एकदाच फिरवायचा. कातडी ताणून उलटा फिरवायचा नाही.

"खड्ड्यातला केस खड्ड्यात राहू दे," वडील सांगत. "त्याला उकरायला गेलीस की रक्त आलंच."

"तुरटीनं खड्डे भरतात म्हणे?" रंगाऱ्यानं विचारलं.

"तुरटीनं रक्त थांबतं. खड्डे भरत असते तर मी तुमच्या अख्ख्या रस्त्यावर घासली असती!" ती म्हणाली.

तो हसला. हसला की त्याचे डोळे आधी हसतात, हे तिच्या लक्षात आलं… आणि वस्तरा तिनं पटकन पाण्यात बुडवला.

"अहो, एवढ्या दिवसांत भिंतसुद्धा रंगवून होते," वडील कुरकुरले. पण हळूच.

गुरुवारी मात्र घात झाला. जबडा संपून गाल सुरू झाला होता, त्याच्या श्वासाची ऊब तिच्या मनगटाला लागत होती, आणि भान सुटलेल्या हातानं सवयीनं तुरटी उचलली. गालावर फिरवली. त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला. बघता बघता गाल लालभडक झाला.

"माफ करा… मी…"

"असू द्या," तो म्हणाला, आणि मफलर डोळ्यांपर्यंत ओढून गेला.

शुक्रवारी तो आलाच नाही. दारात सावली पडली की ती वस्तरा थांबवून बघायची. गाल चिघळला असेल? की दुसऱ्या कुणाकडे गेला असेल, जो घाईघाईनं सगळं खरवडून काढेल? त्या दिवशी तिनं तिघांच्या दाढ्या केल्या, पण चेहरा एकाचाही आठवेना.

शनिवारी सकाळी तो आला. गालाची लाली उतरलेली, आणि बोटाला धरून पुतणी.

"घरी कुणी नाही," तो म्हणाला. "काय व्हायचं ते हिच्यासमोरच होऊ दे."

पुतणी बाकावर पाय हलवत बसली. मुलीनं वस्तरा उघडला.

"हात थरथरतोय तुमचा," तो पुटपुटला.

"तुमची भीती उतरलीय त्यात. बोलू नका. कापेल."

गाल, मग दुसरा गाल, मग ओठांवरचं नाजूक काम. रक्ताचा एक थेंब नाही. शेवटी तिनं तुरटीकडे न बघता गार पाण्याचा फडका दाबला, क्षणभर जास्तच दाबून ठेवला, आणि उचलला. तो डोळे उघडेना.

"कसा दिसतोय? खरं सांगा."

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "मी आता खरं सांगण्याच्या कामाची राहिले नाही. मला तू शुक्रवारी नुसता दिसला नाहीस तर…"

त्यानं डोळे उघडले. "तर?"

"तर काय! दुसरीकडे दाढी केलीस तर बघ."

"जन्मात नाही करणार," तो म्हणाला, आणि हातातल्या फडक्यासकट तिची बोटं धरली.

दाराशी पेपर जोरात सळसळला.

मग रंगाऱ्यानं खुर्ची सावकाश वळवली. पुतणीचे पाय हलायचे थांबले. ती उठली, एक पाऊल मागे सरली, आणि मुलीच्या एप्रनमागे लपली.

"काका," एप्रनमागून बारीक आवाज आला, "काहीतरी बोल."

"काय बोलू गं?"

आवाज तर काकाचाच होता. ती बाहेर आली, त्याच्या मांडीवर चढली, त्याचा टॉवेल स्वतःच्या गळ्यापर्यंत ओढून घेतला, आणि दोन्ही गाल फुगवून मुलीकडे पाहत म्हणाली, "आता माझी कर. पण बोटभरच हं."