वरचा पाय, खालचा पाय

वादळाचा दोन नंबरचा इशारा लागला होता, मनिलातल्या शाळा-कचेऱ्या बंद होत्या, तरी रोवेलिन गुडघाभर पाण्यातून सरावाच्या हॉलवर पोचली. असलं वेड फक्त आपल्यालाच, अशी तिची खात्री होती. पण दारात एक उंच मुलगा पँटचे पाय पिळत उभा होता.

"आज सराव आहे का, कुया?" तिने विचारलं. मोठ्या मुलाला कुया, म्हणजे दादा, म्हणायचं तिच्या घरचं वळणच होतं.

"आता आहे. तू आलीस ना! पण कुया नको म्हणूस. घरी पाच बहिणी आहेत, तेवढ्या पुरेत."

ती हसली... आणि चेहऱ्यावरचं पाणी पुसता पुसता उगाच लाजली. त्याचं नाव एल्मर.

दोघंच आली म्हणून कोच पिलारबाईंनी त्यांना शेजारी उभं केलं. तायक्वांदोच्या पूमसे प्रकारात कुणाशी लढायचं नसतं. ठरलेल्या लाथा-ठोसे हवेतच मारायचे, आणि जोडीने करायचं तर दोघांचे पाय एकाच क्षणी, एकाच उंचीवर जायला हवेत. त्या दोघांचे पहिल्याच दिवशी गेले. पिलारबाई खुर्चीतून उठल्या.

"जोडी जमली," त्या म्हणाल्या. "एकच सांगते, माझ्या जोड्यांत प्रेमबीम चालत नाही. कळलं, की त्याच दिवशी जोडी तोडीन."

मग काय, दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. दोन वर्षं रोवेलिन त्याच्या श्वासावर श्वास घेत राहिली, त्याच्या डब्यातली सुकी मासळी पळवत राहिली, आणि त्याने "माझ्याकडे काय बघतेस?" विचारलं, की "तुझा पाय वाकडा पडतोय" असं धडधडीत खोटं सांगत राहिली. प्रेम होतं, अगदी गळ्यापर्यंत होतं. पण बोललं तर तो शेजारी उभा राहणार नव्हता.

तिसऱ्या वर्षी एल्मरचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. पिलारबाईंनी स्पष्ट सांगितलं, व्हिएतनाममधल्या दा नांगच्या आशियाई स्पर्धेत पदक आलं तर ही जोडी राहील, नाहीतर रोवेलिनला नवा जोडीदार.

स्पर्धेच्या सकाळी तिच्या पांढऱ्या पोशाखाची कॉलर नीट करत एल्मर म्हणाला, "रोवे, माझ्यासाठी खाली येऊ नकोस हं. तुझा पाय जातो तिथेच जाऊ दे."

"आणि तुझा?"

"माझं मी बघतो."

"तू कधी बघितलंयस स्वतःचं?"

"नाही... तुलाच बघायचो," तो म्हणाला, आणि घाईने पट्टा आवळायला लागला.

पहिला संच झकास झाला. दुसऱ्यात कडेची उंच लाथ आली, आणि त्याआधीच रोवेलिनला एल्मरचा श्वास अडकलेला ऐकू आला. आता हा पाय वर जात नाही, तिच्या मनाने घेतलं. तिने आपला पाय कमरेशीच थांबवला. त्याच क्षणी एल्मरचा पाय गुडघ्याची पर्वा न करता डोक्याच्या वर गेला. एक वर, एक खाली. आठ देशांचे लोक बघत होते.

चौथा नंबर आला. एल्मरच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला तो वेगळाच.

महिन्याभराने ती त्याला शहरातल्या कुबाओ बसस्थानकावर सोडायला गेली. तो कायमचा समार बेटावर, आपल्या गावी निघाला होता. खानावळीत दोघांसमोर भात आणि सिनिगांगचं आंबट सार निवत होतं. बाहेर सकाळपासून पाऊस होता.

"खाली का आलीस?" त्याने अखेर विचारलं.

"तू एकटा खाली दिसू नयेस म्हणून. तू वर का गेलास?"

"तुला खाली यावं लागू नये म्हणून."

दोघं हसली. मग हसू थांबलं.

"मला तू आवडतोस," रोवेलिन म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"ठाऊक आहे गं. मलाही तू... जोडी मोडेल म्हणून गप्प बसलो. मोडलीच की शेवटी."

"मग येते ना मी तुझ्याबरोबर. आत्ता, या बसने."

एल्मरने कुबडीवरची पकड घट्ट केली. "नव्या जोडीदाराबरोबर जागतिक स्पर्धेच्या संघात नाव आहे तुझं. तू आलीस, तर मी तुला पुन्हा एकदा खाली आणलं असं होईल. नको, रोवे. एवढं नको करूस माझ्यासाठी."

तिला भांडायचं होतं. पण तेवढ्यात बसवाल्याने समारचा पुकारा केला. तो उठला, आणि त्याच्या ताटातला भात तसाच राहिला.

त्यांच्याकडची रीत अशी: कुणी भरल्या ताटावरून प्रवासाला निघालं, की मागे राहणाऱ्यांनी आपली ताटं फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. रोवेलिनने आपलं ताट फिरवलं. खानावळीची मालकीण भांडी घासता घासता म्हणाली, "एकदाच फिरवायचं असतं गं, पोरी."

बस फाटकाबाहेर गेली तरी रोवेलिन ते ताट फिरवतच होती.