निवडलेला समुद्र

"विमानाचा प्रकार निवडा," असा आवाज आला तेव्हा ऋजुता नाबर भाकऱ्या थापत होती. दोन्ही हात पिठाने माखलेले, म्हणून तिने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि 'निळाई' कंपनीच्या आरक्षणवाल्या बाईशी ती नुसत्या बोलण्यावरच व्यवहार उरकत होती. बाई म्हणायची इतकंच. तो यंत्राचा आवाज होता, पण त्याला अशी घरगुती लकब दिलेली होती की समोरच्याने आपोआप 'अहो' म्हणावं.

"कुठले प्रकार आहेत?" ऋजुताने विचारलं.

"एक आमचं जुनं पंख्यांचं विमान. ते आठवड्यातून एकदा टपाल घेऊन जातं, त्यात थोड्या जागा असतात. आवाज बराच करतं. दुसरं सलग कवचाचं, रोज दुपारी चिपी विमानतळाहून थोरल्या बेटाला."

"सलगच द्या."

सलग कवचाची विमानं येऊन आता काही वर्षं झाली होती आणि सुट्टीला जाणाऱ्यांना दुसरं विमान आठवतही नसे. विमानाच्या अंगाला खिडकीचं भोक पाडलं की तिथलं कवच दुबळं होतं. मग भोकाभोवती जाड चौकट बसवा, चौकटीचं वजन वाहा, त्या वजनासाठी जास्त इंधन जाळा. म्हणून कंपन्यांनी खिडक्याच काढून टाकल्या. बाहेरून मोहरीएवढे कॅमेरे बसवले आणि आतून गुडघ्यापासून डोक्यापर्यंत पडद्याची भिंत केली. कॅमेऱ्यांनी टिपलेले तुकडे यंत्र शिवून एक करी आणि ते त्या भिंतीवर उमटे. पूर्वी काचेच्या चौकोनातून पंखाचा कोपरा दिसायचा. आता बसल्या जागेवरून अख्खं आभाळ दिसे. लोक तिला दृश्यभिंत म्हणत.

"मागच्या प्रवासात समुद्रावरचा कचरा बघताना आपल्याला त्रास झाल्याचं दिसलं," आवाज म्हणाला. "या वेळी प्रसन्न दृश्य देऊ का?"

ऋजुताला ते आठवलं. प्लॅस्टिकचे तरंगते पट्टे, मेलेल्या प्रवाळाचे करडे डाग. शाळेत ती मुलांना चित्रकला शिकवायची. समुद्राला तसा रंग आलेला पाहून तिला दिवसभर जेवण गेलं नव्हतं.

"द्या," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

तिचा नवरा यशोधन धाकट्या बेटावर होता. तिथे खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारा कारखाना होता आणि त्याची यंत्रं सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. उन्हाळ्यात तो गेला तो दिवाळीलाही घरी येऊ शकणार नव्हता, म्हणून शाळेला सुट्टी लागताच तीच निघाली होती. धाकट्या बेटावर विमान उतरत नसे. तो लाँचने खाडी ओलांडून थोरल्या बेटावर तिला घ्यायला येणार होता.

"चकल्या आणतेयस ना?" निघायच्या सकाळी त्याने फोनवर विचारलं.

"मला न्यायला येतोयस की चकल्यांना?"

"तू तर काय, येशीलच," तो हसून म्हणाला. "डुमिंगपण येतोय माझ्याबरोबर. त्याला बाजार करायचाय. वारा जरा आहे, पण दुपारपर्यंत पडेल."

विमान भरलेलं होतं. सगळी सुट्टीचीच माणसं. कुणी टोप्या घातलेली, कुणी आत्ताच अंगाला उन्हाचं मलम फासलेली. दारं बंद झाली, भिंती उजळल्या आणि किनारा मागे सरकू लागला तसे सगळे आपोआप गप्प झाले. ऋजुता एरवीही प्रवासभर बाहेरच बघत असे. लग्न झालं त्या वर्षी एस.टी.तून जाताना यशोधन तिला म्हणाला होता, तुझ्याशी बोलायचं तर मला बसच्या बाहेरून पळावं लागेल.

खाली समुद्र निळा होता. किती निळा, ते तिला रंगाच्या डब्यातल्या नावांनीही सांगता आलं नसतं. बेटं जवळ आली तशी प्रवाळाची हिरवी-जांभळी कडी दिसू लागली. विमान खाली झुकलं, चाकं बाहेर आल्याचा धक्का बसला, आणि तेवढ्यात तिच्या बाजूला, खाडीच्या मधोमध, डॉल्फिनची एक जोडी पाण्याबाहेर उसळली. पुन्हा बुडाली, पुन्हा उसळली.

"बघा, बघा!" पलीकडची बाई ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऋजुतानेही वाजवल्या. यशोधनला सांगायचं, असं तिने मनात म्हटलं.

विमानतळावर यशोधन नव्हता. फोन लागत नव्हता, पण बेटांवर तो पुष्कळदा लागत नसे. ती बाहेरच्या बाकावर बसली. बरोबरची माणसं फुलांचे हार घालून आपापल्या हॉटेलांत गेली. ऊन कललं. शेवटी ती चालत धक्क्यावर गेली आणि तिथल्या माणसाला धाकट्या बेटाच्या लाँचबद्दल विचारलं.

"ती तर सकाळीच सुटली तिकडून," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आल्यासारखा उठून उभा राहिला.

शोधायला बोटी निघाल्या. ऋजुताला कुणी बरोबर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना डुमिंग सापडला, रिकाम्या डब्याला दोरीने स्वतःला बांधून घेतलेला. यशोधन त्यांना त्या दिवशी सापडला नाही, नंतरही नाही.

डुमिंग वेंगुर्ल्याचा. कारखान्यात यशोधनच्या हाताखाली होता आणि दोघं एकाच खोलीत राहत. इस्पितळात तो पडलेला होता, तोंडाची सालं निघालेली, डोळे सुजून बारीक झालेले. ऋजुता आत आली तशी त्याने मान भिंतीकडे वळवली. ती खुर्ची ओढून बसली. मग तो सांगू लागला.

कसलातरी मोठा ओंडका पाण्याखालून लाँचला लागला होता. लाँच आडवी झाली ती झालीच. बिनतारी यंत्र पहिल्या झटक्यात पाण्यात गेलं. दोघं उलट्या पडलेल्या बुडावर चढून बसले. वाऱ्याने ते खाडीच्या मध्यावर आले.

"वयनी, तुमचा विमान आमी बघितला," डुमिंग भिंतीकडे बघतच म्हणाला. "अगदी डोक्यावरसून गेला. चाका बाहेर इलेली. यशोधनान आंगातलो नारिंगी शर्ट काढल्यान आणि फिरवूक लागलो. माका म्हणालो, आता भिया नको. ऋजू आसा त्याच्यात. ती भायरच बघत असतली. ती कोणाक तरी सांगतली."

ऋजुताने खुर्ची खाटेच्या आणखी जवळ ओढली.

"विमान गेला तरी तो शर्ट फिरवीत होतो," डुमिंग म्हणाला. रात्री लाटेने दोघांना बुडावरून ओढलं, तेव्हा तरंगता डबा एकट्या डुमिंगच्याच हाती लागला. मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. त्याला फक्त कळत नव्हतं. "तुमी बघूक नाय?"

"बघत होते," ती म्हणाली.

कंपनीने आपला एक अभियंता पाठवला. निहार साठये नावाचा, तिशीचाही नसेल असा मुलगा. विमानतळावरच्या थंडगार खोलीत तो तिच्यासमोर बसला. त्याने आधी कंपनीच्या वतीने दुःख व्यक्त केलं, पण ते वाक्य त्याला पाठ होतं आणि मध्येच तो थांबला.

"वैमानिकाला का नाही दिसलं?" ऋजुताने विचारलं.

"त्यांच्यापुढेही पडदाच असतो. विमानाला ज्याच्यापासून धोका आहे तेवढंच त्यावर ठळक होतं. पाण्यावरची वस्तू..." तो अडखळला. "तिच्यापासून विमानाला धोका नसतो."

"आणि आम्हाला?"

"तुम्ही प्रसन्न दृश्य घेतलं होतं. जवळजवळ सगळेच घेतात, म्हणून अख्ख्या भिंतीवर तेच लागतं."

"मी कचरा नको म्हटलं होतं. माणसं नकोत असं कुठे म्हटलं?"

"असं कुणीच म्हटलेलं नाही, मॅडम. तसा नियम कुणी लिहिलेलाच नाही." निहारने टेबलावर हात ठेवले, मग मागे घेतले. "यंत्र प्रवाशांचे चेहरे बघून शिकतं. समोरच्या आसनात बारीक कॅमेरा असतो. काय दिसल्यावर कपाळाला आठी पडते, काय दिसल्यावर माणूस नजर फिरवतो, ते टिपून घेतं आणि पुढच्या वेळी ते गाळतं. आधी कचरा गाळला. मग धूर, जळालेली जंगलं. पुरात बुडालेली गावं. तिथे छपरांवर माणसं असायची, हात हलवत. प्रवासी ते बघून अस्वस्थ व्हायचे. त्यावरून ते शिकलं असणार."



"मला मूळचं चित्रण बघायचंय," ती म्हणाली. "यशोधन दिसेल ते. कसंही असू दे."

"नाहीये," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जे दाखवलं जातं तेवढंच साठवतात. मूळ दृश्य लगेच पुसलं जातं."

"आम्हाला डॉल्फिन दिसले होते," ती म्हणाली. "खाडीच्या मधोमध. दोन."

निहारने मान खाली घातली. त्याने उत्तर द्यायला नको होतं. कंपनीने त्याला तशी ताकीद दिली असणार. पण तो वाईट मुलगा नव्हता.

"काहीतरी हलणारं पुसलं की तिथलं पाणी विचित्र दिसतं," तो म्हणाला. "डाग पडल्यासारखं. म्हणून यंत्र त्याच जागी, तेवढ्याच हालचालीचं दुसरं काहीतरी ठेवतं."

ती उठली. दाराकडे गेली. आपण टाळ्या वाजवल्या होत्या, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शोध थांबला तेव्हा तिने परतीचं आरक्षण केलं. आवाजाने तसंच गोड विचारलं, आणि तिने जुनं पंख्यांचं विमान सांगितलं. चकल्यांचा डबा ती डुमिंगच्या खाटेशी ठेवून आली. डुमिंगने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जुन्या विमानात निम्मी जागा टपालाच्या थैल्यांनी भरलेली होती. उरलेल्या आसनांवर दहाबारा माणसं, बहुतेक सलग कवचात जागा न मिळालेली आणि त्यामुळे कुरकुरणारी. पंख्यांच्या आवाजाने दात थरथरत होते. खिडकीची काच ओरखड्यांनी पांढुरकी झाली होती. ऋजुताने पदराने ती पुसली आणि कपाळ तिला टेकवलं.

खाली समुद्र मळकट होता. कचऱ्याचे लांब पट्टे, त्यांच्या कडेला तेलाची झिलई, मेलेल्या प्रवाळावरचं गढूळ पाणी. ती प्रत्येक हात-दोन हात पाणी बघत होती. पापणी लवली तरी तिला वाटे, तेवढ्यात काहीतरी सुटलं.

"ताई," सेविका वाकून म्हणाली. गोरीमोरी झालेली, नवखी मुलगी होती ती. "खिडकीची झापड खाली घेता का? ऊन पार मागपर्यंत जातंय. लोक झोपलेत."

"नाही," ऋजुता म्हणाली.

"ताई, सगळ्यांनी घेतल्यात."

ऋजुताने मागे वळून पाहिलं. खरंच, सगळ्या झापडा खाली होत्या. अर्धवट अंधारात माणसं माना टाकून झोपली होती, आणि विमानाच्या त्या लांब नळीत उजेडाचा एकच चौकोन होता, तिच्या मांडीवर पडलेला. मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "अहो, बंद करा ना ते!"

ती पुन्हा काचेकडे वळली. तेव्हा तिला तो दिसला. दूर, उन्हाच्या झळाळीच्या कडेला, एक पांढरा ठिपका. तो दिसे, नाहीसा होई, पुन्हा दिसे.

"तिथे काहीतरी आहे," ती म्हणाली. "ते बघ. वैमानिकाला सांग, जरा वळवायला सांग."

मुलीने बाहेर नजर टाकली न टाकली. "लाट असेल हो, ताई. इथे अशा फुटतात."

"आणि नसली तर?"

मुलीने एकदा मागच्या झोपलेल्या माणसांकडे पाहिलं, एकदा पुढे वैमानिकाच्या बंद दाराकडे. मग ती ऋजुताच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि तिनेही काचेला कपाळ लावलं. ठिपका हळूहळू पंखाखाली सरकत होता, आणि दोघींपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं, ते पाणी फुटत होतं की कुणी हात हलवत होतं.